विहिरीची साक्ष

विहिरीचें पाणी बिघडलें कीं आमच्या घरोघरीं तीन उपाय ठरलेले असतात: उपसा करावा, औषध टाकावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर माती लोटून विहीर बुजवावी. पाण्यांत उंदीर पडला असेल किंवा गांवांत सांथ असेल, तर ह्यांपैकीं पहिले दोन उपाय योग्यच आहेत. परंतु पाण्यावर तेलाचा तवंग दिसला असतां हे तिन्ही उपाय अपाय ठरतात, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांतही फारशी ठाऊक नाहीं. कारखान्यांच्या वसाहती आतां गांवांच्या शिवेला येऊन भिडल्या आहेत, आणि तेलाच्या टाक्या जमिनींत पुरलेले पेट्रोलपंप तर ठिकठिकाणीं आहेत. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम तेल जमिनींत काय करितें तें पाहूं. पेल्यांत पाणी व तेल घालून कोणतें वर राहतें हें आम्ही शाळेंत पुष्कळ वर्षें मुलांना दाखविलें. पेल्यांत जें क्षणांत घडतें तेंच जमिनीखालीं वर्षानुवर्षें चालतें. पुरलेल्या टाकीस बारीक भोंक पडलें कीं तेल मातीच्या कणांमधून झिरपूं लागतें. कांहीं अंश कणांना चिकटून राहतो, उरलेला भूजलाच्या पातळीपर्यंत पोंचतो. पेट्रोल, डिझेल, कच्चें खनिज तेल हीं बहुधा पाण्याहून हलकीं, म्हणून तीं पाण्यावर पसरतात. कोळशाचें डांबर, लांकडास लावावयाचें क्रिओसोट, यंत्रांचे भाग धुण्याचें ट्रायक्लोरोएथिलीन हीं पाण्याहून जड; तीं पाणी भेदून खालच्या कठीण थराकडे बुडत जातात, आणि त्यांचा तवंग विहिरींत दिसेलच असा भरंवसा नाहीं.

हलकें असो वा जड, अशा तेलांतील कांहीं द्रव्यें पाण्यांत विरघळतात, आणि खरें भय त्यांचें आहे. पेट्रोलांत बेंझीन असतें. त्यानें रक्ताचा कर्करोग होतो, हें निर्विवाद सिद्ध झालेलें आहे. पिण्याच्या पाण्यांत त्याचें प्रमाण लिटरास १० मायक्रोग्रॅमांहून अधिक नसावें, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिली आहे. म्हणजे एक ग्रॅम बेंझीन एक लक्ष लिटर पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरें! नाकाला त्याचा वास येईपर्यंत प्रमाण मर्यादेच्या शेकडों पट झालेलें असूं शकतें. तेव्हां डोळा व नाक हे येथें साक्षीदार म्हणून अपुरे आहेत. पाणी उकळून घ्यावें म्हटलें तर तें विष वाफेबरोबर स्वयंपाकघरांत पसरतें, आणि चुलीशीं बसणारीच्या श्वासांत जातें.

वराहमिहिरानें सहाव्या शतकांत आपल्या बृहत्संहितेंत भूमिगत जलावर एक सबंध अध्याय लिहिला आहे. मनुष्याच्या अंगांत शिरा असतात तशा भूमींतही वर-खालीं जलाच्या शिरा आहेत, ही त्यांतील कल्पना आमच्या दक्षिणेच्या काळ्या पाषाणास फार चपखल बसते. येथें पाणी वाळूंतल्यासारखें सर्वत्र सारखें पसरलेलें नसतें. खडकाच्या भेगांतून व सांध्यांतून वाहतें. तेलही त्याच वाटांनीं जातें. म्हणून एक विहीर तेलकट आणि शंभर पावलांवरची दुसरी स्वच्छ, असा प्रकार येथें घडतो. त्याच अध्यायांत गढूळ, खारट किंवा दुर्गंधी पाण्यासाठीं नागरमोथा, वाळा, आवळा, निवळी इत्यादिकांचें चूर्ण सांगितलें आहे. निवळीनें गाळ बसतो हा आमच्या आजीच्या पिढीचा अनुभव होता. परंतु त्या चूर्णानें बेंझीन जाणार नाहीं, आणि आजच्या ब्लीचिंग पावडरनेंही जाणार नाहीं. ब्लीचिंग पावडर जंतूंवर आहे. तेल हा जंतु नव्हे.

आतां जी हकीकत सांगावयाची ती आमच्या घरांतलीच आहे. आमचे धाकटे बंधू एका औद्योगिक वसाहतीपासून अर्ध्या कोसावर राहतात. परसांतली विहीर आमच्या तीर्थरूपांनीं खणविलेली. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐशीं. घरांत नळ आला तरी देवपूजेस व सोवळ्याच्या स्वयंपाकास विहिरीचेंच पाणी लागे. तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत त्या पाण्याला पेट्रोलासारखा वास येऊं लागला, आणि घागरीच्या कांठाशीं सप्तरंगी कड दिसूं लागली. पावसाळा लागला तसा वास गेला. वरून एवढें पाणी आलें, सर्व धुऊन निघालें, अशी सर्वांची समजूत झाली, आणि पुढच्या वैशाखांत नातवाची मुंज त्याच अंगणांत करण्याचें ठरलें. फाल्गुनांत पाणी खालीं उतरूं लागतांच तवंग पुन्हा हजर! मुंजीला दोनशें पानें उठावयाचीं होतीं. बंधूंनीं घाईनें दोन पंप भाड्यानें ठरविले; कोणी ब्लीचिंग पावडरीचें पोतें आणण्यास सांगितलें; शेजारच्या एकानें तर विहीर बुजवून बोअर घेण्याचा सल्ला दिला.

आमचा एक भाचा भूजलाच्या तपासणीचें काम करितो. तो त्याच दिवशीं येऊन पोंचला, आणि आल्याबरोबर म्हणाला, "मामा, पंप लावूं देऊं नका." कारण विचारतां त्यानें अंगणांत काडीनें आकृति काढून दाखविली. पंप जोरानें चालला कीं विहिरीभोंवतालची पातळी नसराळ्याच्या आकारानें खालीं ओढली जाते. मग आसपासचें तेल त्या उतारानें विहिरीकडे धांवतें, आणि ज्या खालच्या भेगा आजवर स्वच्छ होत्या त्यांनाही माखतें. पुढें पाणी वर चढलें तरी तें तेल खालींच अडकून राहतें. पावसाळ्यांत तवंग नाहींसा झाला होता तो ह्याच कारणानें; तेल गेलें नव्हतें, पाण्याखालीं दडलें होतें. शिवाय उपसलेलें पाणी ओढ्यांत सोडावयाचें, म्हणजे आपला रोग खालच्या आळीस देणें. आणि विहिरींत उतरण्यापूर्वीं हवा तपासण्यासाठीं पेटता दिवा सोडण्याची जी जुनी चाल आहे, ती येथें प्राणघातक होय. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती विहिरींत सांचून राहते व ठिणगी मिळतांच भडकते.

हें सर्व मातोश्री ओटीवर बसून ऐकत होत्या. त्यांनीं आम्हांस विचारलें, "विहीर बाटली तर उपसा करावा, असं शास्त्रच सांगतं ना?" आम्हीं सांगितलें कीं, होय, स्मृतिग्रंथांत तसें आहे; मात्र विहिरींत मेलेलें जनावर असल्यास तें प्रथम काढावें, मग पाणी उपसावें, असा क्रम आहे. आमचें बोलणें पुरें होण्यापूर्वींच त्या म्हणाल्या, "मग झालं तर. मेलेलं जनावर आंतच ठेवून कुणी उपसा करतं का? तें कुठं आहे तें आधीं बघा." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं देवघरांतल्या कलशांत नळाचें पाणी घेतलें. साठ वर्षांचा नेम त्यांनीं एका रात्रींत सोडला, आणि त्याविषयीं पुन्हा एक शब्दही काढला नाहीं. मुंज टँकरच्या पाण्यावर पार पडली.

मेलेलें जनावर कोठें आहे तें पाहणें, हाच सर्व तपासाचा गाभा आहे. आमच्या भाच्याच्या मंडळींनीं तो कसा केला तें थोडक्यांत सांगतों. एका मोजपट्टीच्या टोंकाला शोधक असतो. तो तेलास लागला कीं एक आवाज, पाण्यास लागला कीं दुसरा. त्यावरून विहिरींत तेलाचा थर किती हें कळलें. मात्र विहिरींतील थराची जाडी म्हणजे खडकांतील थराची जाडी नव्हे, हेंही त्यांनीं बजाविलें. नंतर आसपासच्या विहिरींच्या पातळ्या एकाच मापास आणून पाहिल्या. तीन बिंदूंनीं एक प्रतल निश्चित होतें, हें आम्ही भूमितींत शिकवीत असूं. तीन विहिरींच्या पातळ्यांवरून भूजलाचा उतार कोणीकडे आहे तें त्याच न्यायानें निघतें. खडक भेगाळ असल्यानें तीनांवर न थांबतां त्यांनीं आणखी पांच बोअर घेतलीं. पाण्याचे नमुने कांचेच्या बाटल्यांत, हवेचा बुडबुडाही न राहील अशा रीतीनें भरून, बर्फांत ठेवून प्रयोगशाळेस पाठविले. तेथें वायुवर्णलेखनानें तेलाचे घटक निरनिराळे करितात. त्यावरून तेल पेट्रोल कीं डिझेल कीं यंत्रांचें वंगण, हें ओळखतां येतें. आणि ह्या सर्वांत आमच्या भावजयबाईंच्या दिनदर्शिकेचा उपयोग झाला! दुधाच्या हिशेबाशेजारीं त्यांनीं वास आल्याच्या व पंप खालीं सोडल्याच्या तारखा टिपून ठेविल्या होत्या. पातळी उतरली कीं वास येतो, हें त्या दोन वर्षांच्या नोंदींवरून स्पष्ट दिसलें.

अखेरीस उताराच्या वरच्या अंगास, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारांत, मोटारींसाठीं पुरलेली पेट्रोलची टाकी सांपडली. तिचें बूड गंजून चाळण झालें होतें. टाकी रिकामी करून काढली, भोंवतालची माखलेली माती उचलून नेली, आणि मगच पाण्यावरचें तेल हळूहळू ओढून घेण्याचें काम सुरू झालें. मेलेलें जनावर बाहेर निघालें, मग उपसा. ओढलेलें पाणी कोळशाच्या गाळणींतून शुद्ध केल्याशिवाय कोठेंही सोडीत नाहींत. ह्यास दोन वर्षें झालीं. तवंग आतां दिसत नाहीं; परंतु बेंझीन अजून मर्यादेच्या वर निघतें, आणि विहिरीवर कुलूप आहे. तो कारखाना चालविणारांना ती टाकी काढण्यास जो खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट खर्च आतां होत आहे.

एवढा काळ कां लागावा, असें कोणी विचारील. त्यास परदेशांतील दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत ग्रीनपॉइंट ही वस्ती आहे. तेथें एकोणिसाव्या शतकापासून तेल शुद्ध करण्याचे कारखाने होते. १९७८ सालीं तटरक्षक दलाच्या गस्तीस तेथील न्यूटाउन क्रीक खाडींत तेल झिरपतांना दिसलें. तपास करितां वस्तीच्या खालीं ५० एकरांहून अधिक क्षेत्रांत सुमारें १ कोटी ७० लक्ष गॅलन तेल पसरलें असावें असा अंदाज निघाला. १ कोटी २० लक्ष गॅलनांहून अधिक तेल वर काढल्यावरही, चार दशकांनंतर, काम चालूच होतें. दुसरें उदाहरण मिनेसोटा राज्यांतील बेमिजी गांवाजवळचें. तेथें २० ऑगस्ट १९७९ रोजीं तेलाचा नळ फुटून सुमारें १७ लक्ष लिटर कच्चें तेल सांडलें. बहुतेक काढून घेतलें, तरी सुमारें ४ लक्ष लिटर जमिनींत राहिलें. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भसर्वेक्षण खात्यानें तेथें संशोधन चालविलें. त्यांत असें आढळलें कीं मातींतील सूक्ष्म जंतू विरघळलेलें तेल खाऊन पचवितात, आणि म्हणून दूषित पाणी अपेक्षेइतकें दूर जात नाहीं. निसर्गाची ही मदत मोठी खरी. परंतु मूळ तेलाचा सांठा कित्येक दशकांनंतरही तेथें होताच. निसर्ग आपल्या गतीनें काम करितो. घरांतील लेंकरांनीं तोंवर कोणतें पाणी प्यावें, हा प्रश्न आपल्याकडेच राहतो.

खर्च कोणीं सोसावा, ह्याविषयीं आपल्या देशांत संदेहास जागा उरलेली नाहीं. राजस्थानांतील उदेपूरजवळच्या बिछडी गांवीं रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यानें विहिरींचें पाणी काळवंडलें होतें. त्या खटल्यांत १३ फेब्रुवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्यानें दूषित केलें त्यानेंच भरपाई व शुद्धीचा खर्च द्यावा. परंतु निकाल पुराव्यावर होतो. ज्यानें विहीर बुजविली, त्यानें आपला साक्षीदार स्वतःच्या हातानें पुरला. ज्यानें घाईनें उपसा केला, त्यानें साक्षीदाराची जबानी बिघडविली.

म्हणून ज्यांच्या परसांत विहीर किंवा बोअर आहे, अशा कुटुंबांस आमची विनंति आहे. तवंग दिसला किंवा रॉकेल-पेट्रोलचा वास आला तर तें पाणी पिण्यास, स्वयंपाकास व स्नानास त्याच दिवशीं बंद करावें. विहिरीजवळ दिवा, विडी, विजेचें बटण कांहीं पेटवूं नये. आंत कोणास उतरूं देऊं नये. पंप लावूं नये. प्रदूषण नियंत्रण मंडळास व जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेस लेखी कळवून पोंच घ्यावी, आणि शेजाऱ्यांस सांगावें. आणि विहीर स्वच्छ आहे तोंवरच, महिन्यांतून एकदां दोरीला दगड बांधून पाणी किती हात खोल आहे तें मोजावें, वास व रंग पाहावा, आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटींत लिहून ठेवावें. हें काम घरांतील दहा वर्षांचें मूलही करूं शकेल. तहान लागल्यावर विहीर खणूं नये अशी म्हण आहेच. विहीर बाटल्यावर नोंदवही शोधण्याची वेळही कोणावर येऊं नये.