तारे, सूप आणि पन्नास मार्क

परदेशात इंटर्नशिप करून आलेल्या मुलाला होस्टेलवर रिसर्चबद्दल कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "खायचे काय हाल झाले रे?" तर मित्रहो, २०२४ च्या उन्हाळ्यात मी जपानमधल्या फुकुओका शहरात एका लॅबमध्ये दोन महिने होतो, आणि हाल अजिबात झाले नाहीत. मी रामेन खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, तर जर्नल तपासावं तसं तपासलं!

"रामेन म्हणजे मॅगीच ना?" असं म्हणाल, तर थांबा. मॅगी ही फार तर रामेनची लांबची नात. मोमोफुकू आंदो या गृहस्थांनी १९५८ साली पहिलं इन्स्टंट रामेन बाजारात आणलं आणि तिथून ती वंशावळ आपल्या रूममधल्या केटलपर्यंत पोचली. खऱ्या रामेनच्या बाऊलमध्ये पाच गोष्टी असतात : नूडल्स, सूप, तेल किंवा चरबी, वरची सजावट आणि तारे. तारे आकाशातले नव्हेत; बाऊलच्या तळाशी आधी घालतात तो खारट, दाट मसाला. त्यावर सूप ओततात. मीठ कमी-जास्त झालं की दोष बहुतेक ताऱ्यांचाच. (आपल्या निकालाचंही तसंच असतं म्हणा!)

लॅबच्या मागच्या गल्लीत जेमतेम दहा खुर्च्यांचं दुकान होतं. दाराशी मशीन, त्यात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. पलीकडे मालक एकटेच. फुकुओकाचं रामेन 'हाकाता रामेन' म्हणून ओळखलं जातं आणि त्याचं सूप डुकराच्या हाडांचं असतं. आईला फोनवर खरं ते सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "आजीला सांगू नकोस हं. माळ आहे तिच्या गळ्यात."

परीक्षक आम्ही तिघं. मी, लॅबमधला एक पीएचडीवाला सप्पोरोचा, आणि एक एमटेकसारखं काहीतरी करणारा, जन्मापासून फुकुओकाचा. एक्सेल शीट अर्थातच मी केली. एकूण मार्क ५० : सूप २०, नूडल्स १५, तारे ५, सजावट ५, एकूण मेळ ५. नियम कडक होते. पहिले दोन घोट नुसत्या सुपाचे. काउंटरवरचं लाल आलं-लोणचं आधी घालायचं नाही, कारण ते पडलं की सुपाची खरी चव हरवते. आणि गप्पा मारायच्या नाहीत. शिष्टाचार म्हणून नव्हे, तर हाकाताच्या बारीक नूडल्स मिनिटामिनिटाला मऊ पडतात म्हणून. नूडल्स किती कडक हव्यात ते आधीच सांगायचं असतं. 'काता' म्हणजे कडक, 'बारीकाता' म्हणजे फारच कडक, आणि त्याहून पुढे 'हारिगाने', म्हणजे चक्क तार!

पहिल्या फेरीचा निकाल : फुकुओकावाला ४५, मी ३८, सप्पोरोवाला २७. आता एवढा फरक प्रॅक्टिकलच्या रीडिंगमध्ये आला असता तर सरांनी जर्नल फेकलं असतं.

सप्पोरोवाल्याचं म्हणणं, ह्या नूडल्स आहेत की शिवणकामाचा दोरा? त्याच्या गावी जाड, पिवळ्या, नागमोडी नूडल्स, मिसोचं सूप आणि वर चरबीचा थर. हा थर झाकणासारखा बसतो, म्हणून बाहेर बर्फ असला तरी सूप वाफाळतं राहतं. नूडल्सचा तो पिवळेपणा आणि दातांना जाणवणारा ताण 'कानसुई' या क्षारांमुळे येतो. आपल्या पापडखाराची ती चुलत भावंडं.

फुकुओकावाला शांतपणे म्हणाला, "इथे मासळीबाजारातल्या लोकांसाठी रामेन बनत होतं. त्यांच्याकडे वेळ नव्हता." आणि माझ्या डोक्यात अख्खा फ्लोचार्ट उभा राहिला. वेळ नाही, म्हणून नूडल्स बारीक, म्हणजे मिनिटभरात शिजतात. पण बारीक म्हणून लवकर लगदा होतात. म्हणून एका वेळी थोड्याच द्यायच्या, आणि संपल्या की उरलेल्या सुपात नूडल्सची दुसरी खेप टाकून घ्यायची. तिला 'काएदामा' म्हणतात. सूपही तसंच. हाडं मंद आचेवर ठेवली तर सूप नितळ राहतं; इथे ती तासन् तास खळाखळा उकळतात, मग चरबी आणि जिलेटिन पाण्यात मिसळून दुधासारखं पांढरं इमल्शन तयार होतं. म्हणजे बाऊलमधली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी गरजेचं उत्तर होती. सप्पोरोच्या थंडीचा प्रश्न फुकुओकाच्या बाऊलला विचारून मार्क कापणं, म्हणजे सिव्हिलवाल्याची व्हायवा थर्मोडायनॅमिक्सवर घेणं.

शीटमध्ये पहिला कॉलम वाढवला : 'हा बाऊल कुणासाठी आणि कशासाठी?' पुढच्या फेरीत सप्पोरोवाल्याने ४१ दिले.

इथे गोष्ट संपली असती तर सगळे खूश. पण जुलैमध्ये एका संध्याकाळी सूप पातळ लागलं. पहिल्याच घोटाला तिघांनाही कळलं. फुकुओकावाला शाळेपासून तिथे येणारा. तो म्हणाला, मार्क कापू नका. हाडं महागलीत, गॅस महागलाय, मालक एकटे आहेत. जपानमध्ये 'हजार येनची भिंत' म्हणतात. रामेन त्यापलीकडे गेलं की गिऱ्हाईक पाठ फिरवतं, आणि गेल्या काही वर्षांत कितीतरी छोटी दुकानं त्याच भिंतीवर आपटून बंद पडली. ह्या दुकानात तर बाऊल ७५० येनलाच होता, आपले साधारण चारशे रुपये. सप्पोरोवाला म्हणाला, "माणसाला पन्नासपैकी पन्नास. सुपाला वीसपैकी बारा." आणि एरवी बाऊल तळापर्यंत पिणाऱ्या त्या पोराने त्या दिवशी अर्धं सूप तसंच ठेवलं.

मालकांनी आजवर कधीच "कसं झालंय?" असं विचारलं नव्हतं. ते फक्त परत आलेले बाऊल बघायचे. त्या दिवशीही बघितला. काही बोलले नाहीत.

दहा-बारा दिवसांनी दारावर हाताने लिहिलेला कागद होता : किंमत पन्नास येनने वाढवत आहोत, माफ करा. सूप पुन्हा पूर्वीसारखं, ओठाला चिकटणारं. दोन्हींचा संबंध मी विचारला नाही. पण मशीनसमोर रांग तेवढीच होती, आणि फुकुओकावाल्याने त्या दिवशी दोनदा काएदामा घेतला.

आपल्या मेसच्या तक्रारवहीत पानोपानी एकच शब्द आहे : 'बेकार'. मंडळी, हा मार्क नव्हे. भाजीला मीठ कमी, की तेल जास्त, की बटाटा कच्चा? चारशे पोरांसाठी एका कढईत केलेल्या भाजीकडून नेमकं काय मागायचं, हे आधी ठरवा. मग हवे तेवढे मार्क कापा, पण कुठे कापले ते लिहा. वही वाचायला मेसच्या मामांना वेळ नसतो म्हणता? रात्री ताटं घासायला जातात ना, तिथे उभं राहून बघा. मामा प्रत्येक ताटात डोकावतात.