मलिक अंबरचे पाणी

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना औरंगाबाद दाखवायचे, असे आम्ही दोन वर्षे ठरवीत होतो. 2023 पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. पण अम्मींच्या तोंडी जुनेच नाव बसलेले. धाकटा त्यांना दुरुस्त करी. अम्मी म्हणत, "बोलूंगी बाबा, आदत होने दे."

पिंपळे गुरवहून चाकण, शिक्रापूर, नगर करीत आदल्या संध्याकाळी पोहोचलो. फिरायला मधला एकच दिवस होता. घाई होती ती थोरलीसाठी. ती सातवीत. वर्गात औरंगजेबाचा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "तुमचा राजा." पोरगी घरी येऊन जेवली नाही. आम्ही तिला इतिहास समजावायला बसलो आणि आमच्या लक्षात आले, की आमच्यापाशीही नीट उत्तर नाही.

सकाळी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली. तिच्यासाठी मुलगा आझमशाह याने तो बांधून घेतला, असे सांगतात. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहाल बांधणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. बापाने सगळा संगमरवर वापरला. मुलाला तो थोडक्या जागी वापरून बाकी चुन्याच्या गिलाव्यावर भागवावे लागले. मंडळींना हे फार आवडले. "आपल्यासारखंच की," त्या म्हणाल्या, "फरशी हॉलपुरतीच चांगली."

दुपारी पाणचक्कीवर गेलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा हा परिसर. डोंगराकडून खापरी नळांनी आणलेले पाणी भिंतीवर चढते, वरून हौदात पडते. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी, तालिबे-इल्म पोरांसाठी पीठ निघे. पोरे तिथून हलेनात. आमच्या शहरात 2019 मध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून मोटर, टाकी, टँकर हे शब्द त्यांना पाढ्यांसारखे पाठ. मोटर नसताना पाणी वर कसे चढते, हे थोरलीने दोनदा विचारले. उंचावरून आलेले पाणी नळात कोंडले की जवळपास तितक्याच उंचीवर चढू पाहते, एवढे आम्ही सांगू शकलो.

मग मलिक अंबरची गोष्ट निघाली. हबशी मुलूखात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. खडकी हे शहर त्याने 1610 मध्ये वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. शहराला पाणी हवे म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. मोगलांशी तो मरेपर्यंत लढला. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. "शरीफजी?" थोरलीने विचारले. नगरच्या शाह शरीफ पीरांच्या नावावरून दोघा भावांची नावे ठेवली, असे सांगतात, हे आम्ही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

संध्याकाळी खुलताबादला निघालो. अम्मींना जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यावर फातिहा द्यायची होती. गाडीवाल्याने मंडळींच्या डोईवरच्या ओढणीकडे पाहून विचारले, "आधी औरंगजेबाची कबर ना?" त्याच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. 2025 च्या मार्चमध्ये त्या कबरीवरून केवढा गदारोळ झाला, हे मात्र आम्हाला आठवले. आम्ही घाईने म्हणालो, "नको, मलिक अंबरच्या घुमटाकडे घ्या." त्याला जागा विचारत विचारत जावे लागले.

तिथे आम्ही पाचजणच होतो. अम्मींनी हात उचलले. थोरली दगडावर तळवा ठेवून उभी राहिली. परत येताना तिने विचारले, "अब्बा, त्या दुसऱ्या कबरीपाशी आपण का नाही थांबलो? बाकीचे लोक तर पाहायला जातात."

वेळ झाला होता, असे आम्ही म्हणालो. ते खोटे होते. आम्ही घाबरलो होतो. तिथे उभे असताना कोणी पाहिले, फोटो काढला, तर काय म्हणतील, ही भीती. कोणीही पर्यटक तिथे सहज जातो, पाहतो, परत येतो. आम्हाला तेवढे सहज जाता येत नाही. वर्गातल्या त्या दोन शब्दांपुढे मुलीने मान खाली घातली होती. आज बापाने तेच केले. अम्मी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "उसे सच बोल दे." नगरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा आम्ही तिला खरे सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मग पुढच्या वेळी जाऊ."

घरी आलो ती पाण्याची पाळी होती. पिंप भरता भरता ती धाकट्याला सांगत होती, "मलिक अंबर विकला गेला होता, माहितेय? आणि त्यानं सगळ्या गावाला पाणी आणलं."