शिपायाने आणलेले पाणी

आपल्या शहराची नावे किती वेळा बदलली! खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावावरून माणसे तावातावाने बोलतात. पण हे शहर मुळात वसवले कोणी आणि इथल्या माणसांना प्यायला पाणी दिले कोणी, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. इतिहासाच्या तासाला मलिक अंबरचे नाव आले तेव्हा मला तो फक्त एक लढवय्या वाटला. मी जसजशी वाचत गेले, तसतसा हा शिपाईगडी मला निराळाच दिसू लागला.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ चा, आफ्रिकेतल्या हबसाण देशातला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार आणि मालकामागून मालक करीत तो दख्खनला पोहोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशीच होता, आणि एके काळी गुलामच! मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला आणि भाडोत्री शिपाई म्हणून इकडे तिकडे चाकरी करू लागला. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. राज्य बुडाले असे सगळे म्हणत असताना ह्या माणसाने निजामशाहीचा एक वारस गादीवर बसवला आणि पुढे पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. गनिमी काव्याने लढणाऱ्या त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले.

हे सगळे पाठ्यपुस्तकात सापडते. मला ओढ लागली ती पुढच्या गोष्टीची. १६१० साली अंबरने खडकी ह्या लहानशा गावी राजधानी वसवली. नावच खडकी! खडकाळ जमीन, जवळची नदी बारमाही नाही. राजधानी म्हणजे माणसे, घोडे, हत्ती, कारखाने. ह्या सगळ्यांना पाणी कुठून आणायचे? अंबरने उत्तरेकडच्या हर्सूल-सावंगीच्या बाजूला डोंगरातून झिरपणारे पाणी हेरले आणि जमिनीखालून बांधीव नहर काढून ते शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. दरबारातल्या एका शहाण्याने ह्या बेताची टिंगल केली होती, असे सांगतात. काम पुरे झाले तेव्हा त्या शहाण्याचे तोंड बंद झाले असणार!

ह्या नहरीला मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. पाणी उतारावर आपल्या वजनाने वाहते. उतार जास्त झाला तर बांधकाम खरवडून निघते, कमी झाला तर गाळ बसतो. हवा बाहेर पडावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी तोंडे ठेवावी लागतात. पुढच्या काळात शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे पाते ज्या पाण्यावर फिरते ती नहरही त्यांतलीच.

शिपायाला हे कसे साधले? माझे वडील गवंडी आहेत, शाळा चौथीपर्यंत. एकदा मी त्यांना नहरीचे चित्र दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लेव्हल कशानं काढली असंल गं? आमच्यापाशी तर पाण्याची नळी हाय." मग स्वतःच म्हणाले, "त्यानंबी पाण्यावरच काढली असंल. पाणी लबाडी करत न्हाई." मला वाटते, उत्तर ह्यातच आहे. ज्याने आयुष्यभर डोंगर, खिंडी आणि नाले घोड्यावरून पाहिले, शत्रूच्या छावणीचे पाणी कुठे तुटेल याचा हिशेब केला, त्याला पाण्याची वाट ओळखू येणारच. शिवाय अहमदनगरला निजामशाहीतल्या खापरी नळांच्या योजना त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मारण्यासाठी शिकलेली विद्या त्याने जगवण्यासाठी वापरली.

मोगल सैन्याने १६१६ आणि १६२१ साली खडकी उद्ध्वस्त केली. शहर पुन्हा उभे राहिले. १६२६ साली अंबर वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. जहांगीर बादशहा त्याला शिव्या देत असे, पण त्याच दरबारच्या इतिहासकाराला अंबरच्या कर्तबगारीची थोरवी लिहावी लागली. शत्रूच्या पदरच्या माणसाने केलेली स्तुती मला अधिक मोलाची वाटते.

आमच्या वस्तीत नळाला कैक दिवसांनी पाणी येते. त्या दिवशी माझा पहिला तास बुडतो, कारण माय कामावर गेलेली असते आणि हंडे मला भरावे लागतात. पाणी जायकवाडीहून येते, मोठमोठ्या पंपांनी. रांगेत उभी असताना मला त्या विनापंपाच्या नहरीची आठवण होते. तिचे कितीतरी भाग आज रस्त्यांखाली आणि घरांखाली गाडले गेले आहेत.

एक प्रश्न मात्र मला सोडत नाही. नहरीला अंबरचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. गुलामाचे नाव चारशे वर्षे टिकले ही लहान गोष्ट नव्हे. पण तो खडक फोडला कोणी? चुना मळला कोणी? त्या अंधारात वाकून दगड बसवला कोणी? त्यांतल्या एकाचेही नाव मला पुस्तकात मिळाले नाही. माझ्या वडिलांनी ह्या शहरात किती घरे बांधली याची मोजदाद नाही. कोनशिलेवर नाव मात्र दुसऱ्याचेच असते.

"इतिहास घेऊन काय मिळणार?" असे नातेवाईक विचारतात. नोकरीचे मला सांगता येणार नाही. पण वडील नि त्यांच्या जोडीदारांनी कोणत्या सालात कोणती इमारत बांधली, हे मी एका वहीत लिहायला घेतले आहे. आतापर्यंत अकरा नावे झाली. वडील रोज संध्याकाळी थापी धुऊन ठेवतात आणि विचारतात, "आज कुणाचं लिवलंस?"