मुसाफिरखान्याच्या गल्लीतलं घड्याळ

कोकणकन्या एक्सप्रेसनं पहाटे सीएसएमटीला उतरलो, तेव्हा आम्हा दोघा भावांच्या खिशात अम्मीनं मोजून दिलेले १० हजार रुपये होते. डोक्यात एकच विचार होता : दुल्ह्याला घड्याळ असं द्यायचं की मांडवात चार लोकांनी वळून पाहावं. धाकट्या बहिणीचा निकाह पंधरा दिवसांवर आला होता. अब्बा हयात नाहीत, त्यामुळे ही जबाबदारी आमची. आमच्या चुलत बहिणीच्या नवऱ्याला तिच्या दुबईच्या मामांनी रोलेक्स दिलं होतं. त्याची चर्चा मोहल्ल्यात वर्षभर चालली होती.

स्टेशनवरून चालत थोड्याच अंतरावर क्रॉफर्ड मार्केट. १८६९ साली उभ्या राहिलेल्या या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव दिलं गेलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. तिथून जवळच हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना. एके काळी हजला निघालेले लोक जहाज सुटेपर्यंत इथं मुक्काम करायचे. आमचे आजोबाही इथंच उतरले होते. १९९५ नंतर मुंबईहून जहाजानं हजला जाणं बंद झालं. आता या परिसरात अत्तर, गॉगल, मोबाइलचं सामान आणि घड्याळं यांच्या दुकानांची दाटी आहे. खांद्याला खांदा लावूनच पुढं सरकावं लागतं.

बाजूच्या एका गल्लीत, जेमतेम तीन माणसं उभी राहतील एवढ्या दुकानात आम्ही शिरलो. तरुण दुकानदारानं सलाम केला, चहा मागवला आणि काचेखालून ट्रे काढला. जगातली सगळी महागडी नावं त्या ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली! ‘‘ये फर्स्ट कॉपी, और ये सेव्हन-ए,’’ तो म्हणाला. सेव्हन-ए म्हणजे नकलेतला वरचा दर्जा. बॅटरीच्या स्वस्त घड्याळात सेकंदकाटा दर सेकंदाला एक उडी मारतो. या घड्याळात जपानी ऑटोमॅटिक मशीन होतं, ते सेकंदाला सहा ठोके देतं. खरं रोलेक्स आठ देतं. नुसत्या डोळ्यांना हा फरक चटकन कळत नाही, काटा दोन्हीकडे सरकतच जातो.

आम्ही सबमरीनरची नक्कल हातात घेतली. खऱ्याची किंमत कित्येक लाख, ही साडेचार हजारांना. दुकानदारानं सोनेरी मुलाम्याचं घड्याळही दाखवलं. आम्ही लगेच मान हलवली. पुरुषांना सोनं जायज नाही, मग सोन्यासारखं दिसणारं तरी कशाला? साधं स्टीलच बरं. आमचा जायज-नाजायजचा विचार त्या दिवशी एवढ्यावरच थांबला.

मग सुरू झाली सजावट. दुकानामागच्या पोटमाळ्यावर एक कारागीर डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्यानं काळी डायल काढून निळी बसवली. डायलभोवतीची फिरती कडीही निळी केली. दुल्ह्याचं मनगट बारीक, म्हणून पट्ट्याच्या दोन कड्या कमी केल्या. आत फिरणारं मशीन दिसावं म्हणून मागचं झाकण काचेचं लावलं. ते पाहून आम्ही खूश झालो. खऱ्या सबमरीनरला पाठीमागे काच नसतेच, झाकण सपाट पोलादाचं असतं, हे आम्हाला पुढं कळलं. म्हणजे जितकं सजवत गेलो, तितकी नक्कल उघडी पडत गेली. या कामाचे ९०० रुपये वेगळे.

शेवटी हिरवी पेटी आली आणि तिच्याबरोबर वॉरंटी कार्ड. दुकानदारानं पेन उचललं. ‘‘नाम क्या डालूँ? तारीख कौनसी?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमचा घुटमळलेला चेहरा पाहून तो हसला, ‘‘फिकर मत करो भाई. असली और इसका फरक सिर्फ आपको और अल्लाह को मालूम.’’

त्यानं ते धीर देण्यासाठी म्हटलं होतं. आम्ही कार्ड कोरंच ठेवायला सांगितलं, पैसे दिले आणि बाहेर पडलो.

जोहरची वेळ झाली होती. शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मशिदीत गेलो. या मशिदीत पाण्याचा जुना हौज आहे, त्यात मासे फिरतात. वजूला बसलो तेव्हा मनगटावरचं स्वतःचं जुनं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. समोर नमाजच्या पाच वेळा दाखवणारी घड्याळं होती. ती कोणत्या कंपनीची आहेत, हे कधी कोणी विचारलं असेल का? वेळ बरोबर दाखवतात, तेवढं पुरे.

नमाज झाल्यावर भाऊ हळूच म्हणाला, ‘‘दुल्ह्यानं विचारलं, खरं आहे का, तर काय सांगायचं?’’

‘‘खरं सांगायचं. कॉपी आहे म्हणून.’’

‘‘मग पेटी कशाला? कार्ड कशाला?’’

याला उत्तर नव्हतं. मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसानं भिजलं, असं विक्रेत्यानं सांगितलं. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. आमच्या हिरव्या पेटीत ओलं धान्य खालीच होतं. शिवाय बहिणीच्या संसाराची सुरुवात आम्ही तिच्या नवऱ्याशी खोटं बोलून करणार होतो.

परत दुकानात गेलो. ‘‘काम किया हुआ माल वापस नहीं,’’ दुकानदार म्हणाला. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावलेला असा खोटा माल विकणाऱ्याला १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पण तो फसवत नव्हता, कॉपी म्हणूनच विकत होता. फसवणुकीचा पुढचा टप्पा आम्ही स्वतःच्या हातानं पुरा करणार होतो.

उरलेल्या पैशांतून संध्याकाळी एका साध्या शोरूममधून टायटनचं घड्याळ घेतलं, ३,८०० रुपयांचं. भावाला वाटलं, पेटीतलं बिल काढून टाकावं, किंमत दिसते. पण गॅरंटीसाठी बिल लागतं, म्हणून राहू दिलं. परतीच्या गाडीत बसण्याआधी मुसाफिरखान्यावरून पुन्हा गेलो. आजोबा इथून जहाजावर चढले, त्याआधी गावात घरोघरी जाऊन देणंघेणं मिटवून, लोकांची माफी मागून आले होते.

निकाहच्या दिवशी कोणीही मान वळवून पाहिलं नाही. दुल्हेभाईंनी घड्याळ लगेच मनगटावर बांधलं. पुढं एकदा ते बंद पडलं, तेव्हा बिल घेऊन ते सरळ दुकानात गेले. आम्हाला फोन करायचीही गरज पडली नाही.

निळ्या डायलचं ते घड्याळ अजून आमच्या कपाटात आहे. कोणाला देता येत नाही, विकता येत नाही. अम्मीला हिशेब देताना त्या ५,४०० रुपयांचं काय झालं, ते मात्र सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘वेळ तरी बरोबर दाखवतं का?’’