बर्गंडी : नाव, वाइन आणि रंग

इंग्रजी कादंबरीतील एखादी नायिका ‘बर्गंडी’ रंगाच्या पोशाखात दारात उभी राहते, तेव्हा मराठी अनुवादक क्षणभर थबकतो. ‘गडद तांबडा’ म्हटले तर छटा निसटते. ‘मरून’ रुळलेला शब्द आहे, परंतु त्याचे मूळ चेस्टनटच्या फ्रेंच नावात, म्हणजे तपकिरी रंगात आहे. ‘डाळिंबी’ म्हणावे तर पोशाखच देशी होऊन जातो. साडीच्या दुकानातला ‘वाइन कलर’ हा शब्द अर्थाच्या सर्वांत जवळचा. पण कादंबरीच्या भाषेत त्याला जागा नाही.

फ्रेंच अनुवादकाची अडचण याहून चमत्कारिक म्हटली पाहिजे. तो त्याच पोशाखाला ‘बोर्दो’ रंगाचा म्हणतो. रंग तोच राहतो, मात्र त्याच्या नावातला प्रदेश बदलतो, आणि तोही बर्गंडीचा वाइनमधला सनातन प्रतिस्पर्धी असलेला प्रदेश! मेंढी आणि तिचे मांस यांना फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे, इंग्रजीत दोन आहेत. म्हणून त्या शब्दांचे ‘मूल्य’ समान नाही, हे सोस्यूरचे उदाहरण सर्वपरिचित आहे. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते, हे येथेही दिसते. दुसऱ्या हेन्रीच्या राज्यारोहणापासून (११५४) १४५३पर्यंत बोर्दो इंग्लिश राजसत्तेकडे होते. तेथल्या तांबड्या वाइनला इंग्रजीने ‘क्लॅरेट’ हे वेगळे नाव दिले. मूळ फ्रेंच विशेषणाचा अर्थ ‘फिकट’ असा होता. इंग्रजीत त्याचा गडद तांबडा रंग झाला आणि मुष्टियुद्धाच्या बोलीत तर रक्त झाले. म्हणजे बोर्दोची जागा इंग्रजीत आधीच भरलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळट तांबड्या रंगाला ‘बर्गंडी’ म्हणण्याची रीत पडली, ती या भरलेल्या जागेच्या शेजारी.

या नावाचा आधीचा प्रवासही सरळ नाही. पाचव्या शतकात ऱ्हाईनकाठी राज्य करणाऱ्या एका जर्मानिक टोळीचे हे नाव. टोळीवरून ते राज्याला मिळाले. राज्ये बदलली, सीमा सरकल्या, नाव मात्र टिकले. जेम्स ब्राइसने पवित्र रोमन साम्राज्याच्या आपल्या इतिहासात निरनिराळ्या दहा ‘बर्गंडीं’ची यादी दिली, ती अकारण नव्हे. चार्ल्स द बोल्ड १४७७मध्ये नान्सी येथे पडला आणि त्याची डची फ्रेंच राजसत्तेकडे गेली. संस्कृत साहित्यशास्त्रात रूढिलक्षणेसाठी ‘कलिंग’ हे उदाहरण येते : साहसी म्हणून उल्लेख देशाचा होतो, पण अभिप्रेत असतात तेथले लोक. बर्गंडीची दिशा याच्या उलट आहे. येथे लोकांपासून देश, देशापासून वाइन आणि वाइनपासून रंग अशी लक्षणेवर लक्षणा चढत जाते, आणि प्रत्येक पायरीवर आधीची पायरी विसरली जाते.

‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात कॉर्डेलियाचे दोन याचक आहेत. १६२३च्या फोलिओ प्रतीत लिअर द्राक्षवेलींचा संबंध फ्रान्सशी जोडतो आणि बर्गंडीच्या वाट्याला देतो दूध! पुढे फ्रान्सचा राजा त्याच बर्गंडीला पाणचट ठरवतो. आजचा वाचक येथे अडखळतो, कारण ‘बर्गंडी’ म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे पेला येतो. शेक्सपिअरच्या प्रेक्षकासमोर उभा राहत होता तो बहुधा एक ड्यूक. वाइन हा या शब्दाचा अर्थ इंग्रजीत रुळला तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

शिवाय हा रंग वस्तुस्थितीला धरूनही नाही. त्या प्रदेशातील निम्म्याहून अधिक वाइन पांढरी असते. तांबडी वाइन पिनो न्वार या पातळ सालीच्या द्राक्षाची. ती बहुधा ‘बर्गंडी’ रंगाहून फिकीच दिसते. चिन्हाने वस्तूकडे पाठ फिरवल्याचे इतके उघडे उदाहरण विरळाच.

अमेरिकेत तर वस्तूही बदलली. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांची ‘हार्टी बर्गंडी’ तेथे १९६०च्या दशकापासून खपली आणि कायद्याने अशा नावांना ‘अर्धसामान्य’ असा दर्जा दिला. युरोपीय संघाशी झालेल्या २००६च्या करारानुसार अमेरिकेने नवी लेबले थांबवली. जुनी मात्र तशीच राहिली. येथे उत्पादकांची तक्रार रास्त होती. शतकानुशतकांच्या श्रमाने नावाला आलेली पत दुसऱ्याने वापरावी, हे पैठणी किंवा कोल्हापुरी चपलेच्या कारागिरालाही मान्य होणार नाही.

परंतु अलीकडच्या वर्षांत तेथल्या वाइन-उत्पादकांची संघटना याहून पुढे गेली. इंग्रजीतही ‘बर्गंडी’ म्हणू नये, ‘बूर्गोन्य’ हेच मूळ नाव वापरावे, असा तिचा आग्रह आहे. या आग्रहामागची वेदना समजण्याजोगी आहे. आपले गाव परभाषेत सोफ्याचा आणि नखांचा रंग होऊन बसावे, हे कोणाला रुचेल? पण ‘मूळ’ या शब्दाशी मात्र वाद घालावा लागतो. लॅटिन ‘बुर्गुंदिया’तला ‘द’ फ्रेंचने गमावला आणि इंग्रजीने जपला. त्या टोळीचे नाव आज दीजोंपेक्षा लंडनमध्ये अधिक स्पष्ट ऐकू येते. मूळपणाचा दावा करायचाच तर तो इंग्रजीलाही करता येईल. बाटलीवरच्या नावावर कायद्याची हुकमत चालते. पण लहान अक्षराने लिहिल्या जाणाऱ्या त्या रंगनामापर्यंत कोणताही करार पोचत नाही.

आणि बर्गंडीतली गावे तरी नावांबाबत कुठे निर्मोही होती? जेव्हरे या गावाने १८४७मध्ये आपल्या शिवारातल्या ‘शांबेर्तॅं’ या नामांकित मळ्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले. तेथे वाइनची कीर्तीच गावाच्या नावात येऊन बसली.

अनुवादकाचे पान अजून तसेच आहे. इंग्रजीत मोठे अक्षर प्रदेश दाखवते आणि लहान अक्षर रंग. देवनागरीत ही सोय नाही. ‘बर्गंडी’ असे लिहिले की टोळी, डची, वाइन आणि पोशाख असे सारेच एका शिरोरेषेखाली येतात. तो ‘वाइनच्या रंगाचा’ असे लिहितो, खोडतो, आणि पुन्हा तेच लिहितो.