एक नट आणि तीन अपाची

गांधीनगरच्या आसपास राहणाऱ्या नाशिककरांना हेलिकॉप्टरचं फारसं कौतुक उरलेलं नाही. आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल इथेच, त्यामुळे चेतक आणि चीता डोक्यावर नेहमीचेच. तरीही 22 जुलै 2025 ला लष्कराची पहिली तीन अपाची हिंडनला उतरली, तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर तेच फोटो. मीही दोन टाकले, खोटं कशाला बोलू.

सहा अपाचींचा हा करार फेब्रुवारी 2020 चा. त्यांच्यासाठी जोधपूरला मार्च 2024 मध्ये स्क्वाड्रन उभं राहिलं. माणसं तयार, पण हेलिकॉप्टर नाही, असे पंधरा-सोळा महिने गेले. कारण काय, तर पुरवठा साखळी. हा शब्द टीव्हीवर ऐकताना फार गुळगुळीत वाटतो.

माझं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, तीन जुने लेथ. काही वर्षांपूर्वी एका विमान-भागांच्या कंपनीसाठी हाय टेन्साइल बोल्टचा एक लॉट केला होता. माप मायक्रॉनपर्यंत बरोबर. असा बोल्ट प्लेटिंगच्या टाकीतून निघाला की ठरलेल्या वेळेत भट्टीत तापवावा लागतो, नाहीतर पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याला आतून ठिसूळ करतो. वरून काही दिसत नाही. आम्ही तापवलं होतं, पण रजिस्टरमध्ये वेळ लिहिली नव्हती. अख्खा लॉट रिजेक्ट. मी तिथल्या इन्स्पेक्टरशी भांडलो, "अहो, बोल्टच आहे ना शेवटी!" ते म्हणाले, "म्हणूनच."

तेव्हा राग आला होता. नंतर अपाचीचीच एक गोष्ट वाचली. 2018 च्या सुरुवातीला खुद्द अमेरिकी लष्कराने बोइंगकडून नवी अपाची ताब्यात घेणं थांबवलं होतं. कारण एक नट, स्ट्रॅप पॅक नट. वरची पाती ज्या मोठ्या बोल्टांच्या आधारावर टिकतात, त्यांना धरून ठेवणारा. समुद्राजवळच्या तळांवर खाऱ्या हवेने तो गंजायला लागला होता. क्षेपणास्त्रं, रडार सगळं ठणठणीत, आणि हेलिकॉप्टर अडलं नटाशी. नट नव्याने डिझाइन झाला, मगच ऑगस्टअखेरीस डिलिव्हरी सुरू झाली. ज्यांनी हे हेलिकॉप्टर बनवलं त्यांची ही गत, तर आपण विकत घेणारे.

"म्हणून तर स्वदेशी पाहिजे," असं कुणी म्हणेल. पाहिजेच. 1998 च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि नौदलाच्या सी किंगचे सुटे भाग अडकले. हेलिकॉप्टर घेतलेलं ब्रिटनकडून, पण मूळ परवाना अमेरिकी! मात्र स्वदेशी म्हटलं की प्रश्न संपला, असंही नाही. 5 जानेवारी 2025 ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले. तपासात स्वॉशप्लेट मोडल्याचं निघालं. पायलटच्या हाताची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारा हा भाग. ध्रुवचा सगळा ताफा जमिनीवर आला, त्यात त्याचाच सशस्त्र अवतार रुद्रही. लष्कर आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना परवानगी मिळेपर्यंत मे उजाडला.

मार्च 2025 मध्ये 156 प्रचंड हेलिकॉप्टरांचा करार झाला, 62,700 कोटींचा. ही आपल्याच एचएएलची अटॅक हेलिकॉप्टरं, मला मनापासून आनंद आहे. पण या आकड्याच्या मागे देशभरातली माझ्यासारखी कित्येक छोटी वर्कशॉप्स असणार, आणि त्यातल्या कुणीतरी आज रजिस्टरात वेळ लिहायची राहून गेली म्हणून "चलता है" म्हटलं असेल. सांगतो, मीच म्हटलं होतं.

रिजेक्ट झालेला तो डबा अजून फळीवर आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी तो डबा खाली काढतो, एक बोल्ट त्याच्या हातात देतो आणि विचारतो, यात काय चूक आहे सांग.

अजून कुणाला सांगता आलेलं नाही.