मारुतीचें शेपूट

इंग्रजी वाचणाऱ्या मुलांकरितां अद्भुतकथा मराठींत कशाला आणावयाच्या, असें खांदा कॉलनींतील पालक मला विचारतात. वेल्समधील मुलांसही इंग्रजी येतें. तरी एमिली ह्यूज यांनीं हॅरी पॉटरचें पहिलें पुस्तक २००३ सालीं वेल्श भाषेंत नेलें. मराठींत तो हॅरीच राहिला, मात्र तत्त्वज्ञाच्या दगडाचा ‘परीस’ झाला; मला तरी तो मूळ नांवाहून गोड वाटतो. देवदत्त नारायण टिळकांनीं तर लुईस कॅरलच्या ॲलिसचें (१८६५) नांवच पालटून ‘जाईची नवलकहाणी’ लिहिली.

त्याच ॲलिसचीं कांहीं पानें आम्हीं वर्गांत उतरविण्यास घेतलीं. तिनें उंदरास ‘अहो’ म्हणावें कीं ‘अरे’, येथेंच अर्धा तास गेला. खरी अडचण पुढें होती. उंदीर आपली कहाणी लांब असल्याचें सांगतो आणि ॲलिस त्याच्या शेपटाकडे पाहते. कारण इंग्रजींत कहाणी व शेपूट या दोन शब्दांचा उच्चार एकच. मराठींत हा श्लेष साधावा कसा? सारे गप्प. इतक्यांत मागील बांकावरील एक अबोल मुलगी उठली : “सर, उंदरानें म्हणावें, माझी गोष्ट म्हणजे मारुतीचें शेपूट!”

वर्ग खदखदून हंसला. हा वाक्प्रचार तिला आजीनें दिलेला. आजीस इंग्रजी येत नाहीं. नातीनें सायंकाळीं तिला तें पान वाचून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं निरोप आला : पुढचें पान केव्हां होणार?